मेलेलं झाड वाढत नाही

मंगळवार, ९ जानेवारी. उत्तरेचा वारा, कोरडा. सकाळी तारेवर कातरशेपट्यांची जोडी, पिल्लं उडायला शिकताहेत. खुराड्यात घोरपड शिरली. अंडी गेली, कोंबडी शाबूत. खाडीच्या तोंडाशी काळ्या मानेचे हंस, पुष्कळ. नीदियाचा फोन, शुक्रवारी येते म्हणाली. वॉशिंग्टनचं खोड कालच्यापेक्षा उंच.

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर नेल्बा अरोस्पीदेने ते पुन्हा एकदा वाचलं. काट मारावी की काय असं क्षणभर वाटलं, पण मारली नाही. लहानपणी रोचा गावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इन्माकुलादा मुलींकडून रोज डायरी लिहून घ्यायच्या. त्यांचा दंडक एकच होता: मनात काय आलं ते देवाला सांगा, वहीत काय घडलं ते लिहा. सिस्टर गेल्या, कॉन्व्हेंटच्या जागी टायरचं दुकान आलं, नेल्बाची सत्तरी उलटली, तरी दंडक चालूच राहिला. नवरा एर्मेस ज्या दिवशी गेला त्या दिवशीच्या नोंदीतसुद्धा वाऱ्याची दिशा आहे.

गार्सितास हे आमचं गाव खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूवर वसलेलं. नेल्बा तिथलं टेलिफोन केंद्र चालवायची. गावातली सगळी लग्नं, सगळी भांडणं आधी तिच्या कानावरून गेली आणि मग इतरांना कळली, पण तिच्या तोंडून कधी एक शब्द बाहेर पडला नाही. एर्मेस संध्याकाळी कोळंबीची जाळी लावायला खाडीत उतरला, की ती केंद्राच्या खिडकीत त्याची वाट बघत बसे. फोन वाजत नसे तेव्हा पक्षी दिसत. पक्षी दिसले की ते वहीत जात. दुसरं गार्सितासमध्ये घडत तरी काय होतं? पुढे लोकांच्या खिशात फोन आले, केंद्र बंद पडलं, एर्मेस गेला, आणि पक्षी तेवढे उरले.

खोडाची गोष्ट अशी. नेल्बाच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या वॉशिंग्टन पीरिसच्या आवारात उघडते. तिथे एक कठीण लाकडाच्या कोरोनियाचं झाड कधीचं मरून उभं होतं, शेंडा मोडलेलं, सालं गेलेलं. येर्बासाठी, म्हणजे भोपळ्यातून नळीने प्यायच्या आमच्या कडसर चहासाठी, पाणी तापवायचं तर किटलीपाशी उभं राहावं लागतं. पाण्याला उकळी फुटली तर येर्बा करपते आणि सगळी सकाळ कडू होते. म्हणून नेल्बा रोज पहाटे तिथे उभी राही, आणि उभी राहिली की समोर ते खोडच. देवघरातली मेरीची मूर्तीसुद्धा तिने इतकी न्याहाळली नसेल. त्या मंगळवारी खोडाच्या टोकाला वीतभर खोड जास्तीचं होतं.

तिने दुर्बीण लावली. दुर्बिणीत धुकं. हल्ली सगळ्यातच धुकं असायचं. उजव्या डोळ्यात दूध, डाव्यात ताक, असं ती स्वतःच म्हणे. पण दुधाताकातूनही खोड उंच दिसत होतं.

बुधवारी सकाळी ती बेबाच्या दुकानात गेली. दुकानाबाहेर एक फळा आहे. हिवाळ्यात त्यावर फक्त पाव कधी येणार ते लिहिलेलं असतं. डिसेंबरात उन्हाळा सुरू झाला की फळ्याचे दोन भाग होतात: डावीकडे पाव, उजवीकडे पक्षी आणि प्राणी. कुणाला काय दिसलं ते ज्याने त्याने खडूने लिहायचं. "खाडीत रोहित." "पुलाखाली कार्पिंचोची मादी, पिल्लांसकट." "किनाऱ्यावर समुद्रसिंह, झोपलेला, जवळ जाऊ नये, तोंडाला वास येतो." सुटीला आलेली शहरी माणसं पाव घ्यायला येतात आणि फळा वाचत उभी राहतात. कार्निव्हल झालं की उजवी बाजू पुसली जाते.

"बेबा, खडू दे," नेल्बा म्हणाली.

बेबा गल्ल्यामागून उठली नाही. "आज काय गं? पिशवी की पोतं?"

ते होणारच होतं. ख्रिसमसच्या आधी नेल्बाने फळ्यावर लिहिलं होतं, "मोठा पांढरा बगळा, पलीकडच्या कुंपणावर, सकाळपासून ध्यानस्थ." तो दिवसभर ध्यानस्थ राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि बगळ्यावर दुकानाचं नाव दिसायला लागलं. प्लास्टिकची पिशवी होती. रात्रीतून कुणीतरी फळ्यावर पिशवी काढून तिला पंख काढले, चोच काढली, खाली पायही काढले. आणि बेबाने सगळ्यांदेखत नियम केला: यापुढे कुठल्याही नोंदीखाली दोन नावं हवीत. एकाने पाहिलं म्हणजे पाहिलं नव्हे.

"उरुताऊ," नेल्बा म्हणाली.

बेबाने चष्मा काढला. उरुताऊ या रातपक्ष्याचं रडणं गावातल्या जुन्या माणसांनी ऐकलेलं होतं. वरून खाली घसरत जाणारी शीळ, एखादी बाई विहिरीत वाकून हुंदके देतेय असं वाटावं. पण पाहिलेला कुणी नव्हता. दिवसा तो मोडक्या खोडाच्या टोकावर बसतो, चोच आभाळाकडे, डोळे मिटलेले, रंग लाकडाचा. त्याला टेकून उभं राहिलात तरी कळायचं नाही.

"कुठे?"

"वॉशिंग्टनच्या खोडावर."

"तू पाहिलास?"

नेल्बाने खडूसाठी हात पुढे केला. "तिथे आहे तो."

"मी काय विचारलं?"

"तिथे आहे, बेबा."

"मग दुसरं नाव घेऊन ये. नियम तुझ्याच कृपेने झालाय."

एवढ्यात खुद्द वॉशिंग्टन पाव न्यायला आला. त्याच्या बापाला परदेशी पुढाऱ्यांची नावं आवडायची. धाकट्या भावाचं नाव नेल्सन. वॉशिंग्टन हा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. डाव्या बगलेत येर्बाच्या पाण्याचा थर्मास. तसा आमच्याकडे बहुतेकांच्या बगलेत तो असतोच, पण वॉशिंग्टनचा कधी खालीच येत नसे. जाळं फेकताना, सायकल चालवताना, स्वतःच्या लग्नाच्या फोटोत, सगळीकडे बगलेत थर्मास आणि काम उजव्या हाताने. तो जन्मला तेव्हा सुईणीने आधी थर्मास बाहेर काढला, असं बेबा सांगते.

"अहो शेजारीणबाई! माझ्या खोडावर? पाहुणा?" तो हसायला लागला. "त्याला म्हणावं, सामान बांध. रविवारी मेहुणा येतोय माल्दोनादोहून. अख्खं कोकरू भाजायचंय. निखारा खरा कोरोनियाचाच. शनिवारी करवत लावतो."

"वॉशिंग्टन, पिल्लू मोठं होईपर्यंत थांब."

"कुणाचं पिल्लू?"

"त्याच्याखाली अंडं असणार. तो घरटं बांधत नाही. खोडाच्या खोबणीत एक अंडं घालतो आणि वर बसतो."

"म्हणजे बघा," वॉशिंग्टन बेबाकडे वळला, "न दिसणारा पक्षी, आणि त्याच्या बुडाखाली न दिसणारं अंडं."

"मग तूही न दिसणारं कोकरू भाज," बेबा म्हणाली. "मेहुण्याला तेवढंच पुरे."

तरी वॉशिंग्टन भला माणूस. दुपारची झोप झाल्यावर तो नेल्बाच्या कुंपणाशी आला, तिची दुर्बीण घेतली आणि खोडाकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला बघताना बघून रस्त्यावरचे आणखी चारसहा जण थांबले. दुर्बीण हातोहात फिरली. कुणाला गाठ दिसली, कुणाला फांदीचं थोटूक. एका शहरी बाईला सरडा दिसला, आणि तो निदान उडून तरी गेला नाही म्हणून तिला त्याचं कौतुक वाटलं.

"लाकूड आहे, शेजारीणबाई," वॉशिंग्टन हळूच म्हणाला. आवाज खाली आणायची त्याला सवय नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. "मी मागे लागलोय असं समजू नका. पण ते लाकूड आहे."

गुरुवारी नेल्बाने दुर्बीण पेटीत घालून ठेवली.

शुक्रवारी सकाळी अंगणात बेंतेवेओ पक्षी ओरडला. तो ओरडला की पाहुणा येतो म्हणतात, पण या खेपेला पाहुणीने आधी फोनच केलेला होता. दुपारच्या बसने नीदिया उतरली. नेल्बाची एकुलती एक मुलगी, राजधानीत, माँतेविदेओत, औषधांच्या दुकानात कामाला, पन्नाशीला टेकलेली. तिने आईला मिठी मारली आणि मिठीतूनच खांद्यावरून घराची तपासणी सुरू केली. गॅसची शेगडी बंद आहे का, फ्रिजमध्ये काय आहे, औषधांच्या पट्टीवर कुठल्या दिवसापर्यंत गोळ्या संपल्यात.

नेल्बाने समुद्रशेवाळाची भजी केली होती. नीदियाने पहिलं भजं दाताखाली सावकाश चावलं. शेवाळ नीट धुतलं नाही तर वाळू येते. वाळू आली नाही. दुसऱ्यातही नाही. मग ती भराभर खायला लागली.

"आई, हे काय?" खाणं आटोपल्यावर तिने फोन पुढे केला. पडद्यावर बेबाचा फळा होता आणि पंखवाली पिशवी.

"बगळा."

"पिशवी आहे."

"त्या दिवशी बगळा होता."

"आई."

"तू कुणाकडून मिळवलास हा?"

"सगळ्यांकडे आहे. माझ्या दुकानातल्या पोरीने मला दाखवला. तिला माहीतसुद्धा नव्हतं तू माझी आई म्हणून." नीदियाने फोन पालथा ठेवला. "छोटी खोली लावून ठेवलीय मी. रंग दिलाय. खिडकी आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरच्यांचं न्हाणीघर."

"आणि पक्षी?"

"पक्षी आहेत की. कबुतरं."

"कबुतरं," नेल्बा म्हणाली. दुसऱ्या बायका झुरळं म्हणतात तशी.

नीदियाला हसू आलं, पण तिने ते आवरलं. ती हसायला आली नव्हती. "आता शेजाऱ्याच्या खोडावर पण पक्षी आहे म्हणे. बसमधून उतरल्याबरोबर बेबाने सांगितलं. दाखव मला."

दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या. ऊन कलतं झालं होतं, खोड पिवळं दिसत होतं. नीदियाने डोळ्यांवर हात धरला, मान वाकडी केली, एकदा बाहेर जाऊन कुंपणापासून बघून आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा औषध देताना असतो तसा झाला होता, गोड आणि बंद.

"आई, ते लाकूड आहे."

"मला माहीत आहे तसं दिसतं ते."

"तुला पक्षी दिसतो?"

सिस्टर इन्माकुलादाच्या दंडकात इथे पळवाट नव्हती. "नाही," नेल्बा म्हणाली. "मलाही दिसत नाही."

नीदिया वाद घालायच्या तयारीत होती. आता तिला काय करावं कळेना. "दिसत नाही? आणि अख्ख्या गावाला सांगत सुटलीस?"

"खोड वाढलंय. वीतभर. मंगळवारपासून."

"झाडं वाढतातच."

"जिवंत वाढतात. मेलेलं झाड वाढत नाही, नीदिया."

"किंवा तुझे डोळे..."

"डोळे बिघडले की वस्तू पुसट होते. उंच होत नाही. हे तर तुझ्या दुकानातली ती पोरगीही सांगेल."

 नीदिया खुर्ची ओढून बसली आणि टेबलावरचे भज्यांचे कण बोटाने गोळा करायला लागली. त्या बोटाकडे बघता बघता नेल्बाच्या लक्षात आलं, की मुलगी डोळ्यांसाठी आलेलीच नाही. डोळ्यांसाठी चष्मेवाला असतो. दिसत नाही ते आहे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाईला एकटं राहू द्यायचं की नाही, हे ठरवायला ती आली होती. आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही बस पकडून आलो असतो, असं नेल्बाला प्रामाणिकपणे वाटलं. त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. कारण गुरुवारी सकाळी किटलीपाशी उभी असताना तिनेही स्वतःला एकदा विचारलं होतं: वीतभर म्हणजे खरंच वीतभर का?

शनिवारी सकाळीच पलीकडून शिडीचा खडखडाट आला. नेल्बा कपाळावर रुमाल बांधून, सपाता घालून वॉशिंग्टनच्या आवारात गेली. नीदिया मागोमाग. वॉशिंग्टनने खोडाला शिडी लावली होती. खांद्याला करवत, बगलेत थर्मास.

"सुप्रभात, शेजारीणबाई. आणि हे माँतेविदेओचं पाहुणं! तुम्ही उद्या जेवायला यायचं बरं का. कोकरू मोठं आहे."

"वॉशिंग्टन, एक काम कर," नेल्बा म्हणाली. "बुंध्याला करवत लावायच्या आधी वर चढ आणि टोकाला हात लाव. नुसता हात. लाकूड असेल तर तोड. मी एक शब्द बोलणार नाही."

"बस?"

"आणि लाकूड असेल," तिने नीदियाकडे न बघता म्हटलं, "तर मी उद्याच्या बसने हिच्याबरोबर जाते. ती रंगवलेली खोली बघायला."

"आई, असं कुणी पैज लावून ठरवतं का?"

"तू दुसऱ्या कशावर ठरवणार होतीस? भज्यातल्या वाळूवर?"

नीदियाचे कान लाल झाले.

वॉशिंग्टन दोघींकडे आळीपाळीने बघत होता. मघापर्यंत त्याला वाटत होतं की प्रश्न कोकराचा आहे. त्याने करवत खांद्यावरून उतरवून झाडाला टेकली. "हात लावतो," तो म्हणाला. "हात लावायला काय जातंय."

"थर्मास ठेव खाली."

"शेजारीणबाई, हा थर्मास घेऊन मी दीपगृहाच्या टोकाला चढलोय."

तो एका हाताने शिडीला धरत चढला. शिडी कुरकुरली. वर पोचल्यावर त्याने खोडाकडे जवळून पाहिलं, मान हलवली आणि खाली वाकून म्हणाला, "अगदी नाकासमोर आहे माझ्या. हे बघा, इथे साल, इथे भेग..." मग त्याला चेष्टेची लहर आली. त्याने बोटांची पेरं दुमडून खोडाच्या टोकावर टकटक केली. "कोण आहे का घरात?"

खोडाने डोळे उघडले.

पिवळे धमक, घाऱ्या मांजराचे असावेत इतके मोठे. पाठोपाठ खोडाने तोंड उघडलं, आणि ते उघडतच गेलं, टोपी मावेल एवढं, आत गुलाबी. वॉशिंग्टनच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो त्याच्या देहाला शोभणारा नव्हता. तो पडला नाही, कारण उजव्या हाताने शिडी घट्ट धरलेली होती. पण डावा हातही शिडी धरायला धावला, आणि सगळ्या गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच त्याची डावी बगल उघडी पडली. थर्मास शिडीच्या दोन पायऱ्यांवर आपटत खाली आला आणि त्याच्या पोटातल्या काचेचा चुरा झाल्याचा आवाज पलीकडच्या रस्त्यावर गेला.

नेल्बाला यातलं फारसं काही दिसलं नाही. एक पिवळं काहीतरी, एक गुलाबी काहीतरी, आणि पायाशी आलेलं गरम पाणी.

"काय झालं?" ती म्हणाली. "नीदिया, काय झालं? सांग ना मला!"

नीदियाने तिचा दंड पकडला होता, दुखेल इतका. "आहे," ती म्हणाली. "आई, आहे तो. लाकडाला तोंड फुटलं. अंग फुगवलंय त्याने. पिसं आहेत, भेगांसारखी पिसं. थांब. आता तोंड मिटलं. आता डोळे... डोळे अर्धे मिटले, नुसती फट राहिलीय. मान वर करतोय. हळू, किती हळू करतोय... गेला."

"उडाला?"

"नाही. खोड झाला परत." तिने मोकळ्या हाताने डोळे चोळले. "मी आत्ता त्याच्याकडे बघतेय, आई, आणि मला तो दिसत नाही."

"अंडं?" नेल्बाने वर तोंड करून ओरडून विचारलं.

 वरून वॉशिंग्टनचा आवाज आला, चर्चमधल्यासारखा. "आहे. मघाशी हलला तेव्हा दिसलं. पांढरं. ठिपके आहेत. शेजारीणबाई, मी आता खाली येऊ का?"

"ये बाबा, सावकाश ये."

खाली आल्यावर तो काचांकडे बघत नुसता बसून राहिला. हात कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. डावा हात शरीरापासून थोडा लांबच राहत होता. नेल्बाने त्याला आपल्या स्वयंपाकघरात नेऊन येर्बाचा भोपळा हातात दिला, नळी तोंडाशी नेऊन दिली, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. आणि एकदा फुटल्यावर थांबला नाही. दुपारपर्यंत गावात त्या तोंडाचा आकार टोपीवरून बादलीपर्यंत गेला होता.

सगळा गाव लोटला. नेल्बाने खोडाच्या दहा पावलांपुढे कुणाला जाऊ दिलं नाही. दोरी बांधली आणि दोरीशी नीदियाला उभं केलं. नीदिया येणाऱ्याला सांगत होती, "टोकाकडे बघा. नाही, ते सगळं लाकूड नाही. वरची वीत बघा." कुणाला दिसला, कुणाला नाही. बुधवारच्या शहरी बाईला याही खेपेला सरडाच दिसला. आणि वॉशिंग्टनचा थर्मास गेल्यामुळे, आलेल्या प्रत्येकाची येर्बा नेल्बाच्या किटलीतल्या पाण्यावर होत राहिली.

बेबा दुकान बंद करून आली. येताना फळाच काखेत घालून आणला होता. तिने तो कुंपणाला टेकवला आणि खडू नेल्बापुढे धरला.

"लिही."

नेल्बाने लिहिलं: "उरुताऊ, वॉशिंग्टन पीरिसच्या कोरोनियावर, अंड्यावर बसलेला." खाली आपलं नाव घातलं.

"दुसरं नाव," बेबा म्हणाली.

नीदिया पुढे झाली होती, पण वॉशिंग्टनने खडू आधी घेतला. "माझ्या तोंडात तोंड घालून बघितलंय त्याने," तो म्हणाला. "मान माझा." त्याने एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं की पावाच्या वेळांवर चढलं.

"आणि तुझं कोकरू?" बेबाने विचारलं.

"निलगिरीच्या निखाऱ्यावर भाजीन. मेहुणा नाक मुरडेल. मुरडू दे. त्याला शिडीवर चढवतो."

"चढवशील तर खबरदार," नेल्बा म्हणाली.

संध्याकाळ झाली, माणसं पांगली. मायलेकी खिडकीत उभ्या राहिल्या. खोडाचा आकार आभाळावर काळा दिसत होता.

"डोळ्यांचं ऑपरेशन मात्र करायचं," नीदिया म्हणाली. "त्यात मी ऐकणार नाही. सकाळी तू मला विचारत होतीस काय झालं, काय झालं. तुझाच पक्षी, आणि तुलाच दिसला नाही."

"करू."

"खरंच?"

"पिल्लू उडालं की. तोवर इथून हलता यायचं नाही. घोरपडीचा काही भरवसा नाही, आणि वॉशिंग्टनच्या मेहुण्याचाही नाही."

"मग येशील. आणि नंतर?"

नेल्बाने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या जवळून तिला मुलीचा चेहरा अजून चांगला दिसत होता. "नंतर काय? परतीची बस रोजच असते."

नीदियाने खिडकीच्या काचेवरचा डाग बोटाने पुसला. "मग त्या खोलीत काय ठेवू?"

"इस्त्रीचं टेबल ठेव. नाहीतरी समोर न्हाणीघरच आहे."

या खेपेला नीदियाने हसू आवरलं नाही.

ती आंघोळीला गेल्यावर नेल्बाने वही काढली. वारा पूर्वेचा, हे लिहिलं. उरुताऊ, अंडं, ठिपके, वॉशिंग्टनचा थर्मास, हे सगळं घडलं तसं लिहिलं. नीदिया उद्याच्या बसने एकटी जाणार, तेही लिहिलं. मग शेगडीकडे जाऊन किटलीखालची ज्योत बघून आली, आणि शेवटची ओळ घातली:

गॅस संपला. नवी टाकी सोमवारी.